हॅसलच्या पायातलं पाणी

हॅसल बेग्ली दवाखान्याच्या पायऱ्या चढता चढता मधेच थांबला. कठड्याला धरून समोरच्या डोंगराकडे असा बघत राहिला, जसा काही हा डोंगर काल रात्रीच कुणी आणून ठेवलाय. आतून खिडकीतून नदीन साइझमोर त्याच्याकडे बघत होती. याच डोंगराच्या पोटात शिरून या माणसानं उभं आयुष्य कोळसा काढला, आणि आज याला देखावा सुचतोय. दम लागलाय असं इथला बाप्या मेला तरी बोलायचा नाही. त्याला एकदम झाडं, पाखरं आणि ढग आवडायला लागतात.

"काका, डोंगर पळून जात नाही," नदीननं दार उघडून म्हटलं. "आत या आणि बसा."

"हवा छान आहे म्हणून थांबलो," हॅसल म्हणाला. एवढं बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

त्याच्या मागून त्याची बायको ओपल, हातात पर्स आणि नवऱ्याची टोपी. "कालपासून हवा छानच आहे याची. जिन्यात छान, न्हाणीघरात छान, खुर्चीतून उठताना छान."

हा दवाखाना टर्की फोर्कच्या खोऱ्याच्या तोंडाशी, जुन्या पोस्टाच्या इमारतीत. मोठं हॉस्पिटल दोन डोंगर ओलांडून पलीकडे. नदीन इथली नर्स प्रॅक्टिशनर. म्हणजे आधी नर्स होतीच, मग पुन्हा शाळेत जाऊन तपासायला, निदान करायला, औषध लिहून द्यायला शिकली. खोऱ्यातल्या निम्म्या पोरांच्या कानात तिनं डोकावलंय आणि निम्म्या म्हाताऱ्यांच्या साखरेवरून त्यांना झापलंय. कामाला वाघीण. स्वतःचं म्हणाल तर नाव घ्यायला नको. सकाळी कॉफी, दुपारी गाडीत बसून बिस्किटांचा पुडा, आणि दिवसभर पाणी म्हणून घोटभर प्यायची नाही. लोकांना मात्र सांगायची, पाणी प्या.

तिनं हॅसलला काट्यावर उभं केलं. वजन परत चढलेलं. नडगीवर अंगठा दाबून धरला, काढला, तर तिथं खळगा पडला आणि कणीक तिंबताना बोट रुतावं तसा तो तसाच राहिला. मानेची शीर फुगलेली. पाठीला नळी लावली तर खालच्या बाजूला बारीक कुरकुर, कानाशी केस चोळल्यासारखी.

"किती उशा लागतात झोपायला?"

"एकही नाही," हॅसल ऐटीत म्हणाला.

"कारण आडवा झाला की दम लागतो, म्हणून तो खुर्चीत झोपतो," ओपल म्हणाली. "पलंगावर मी आणि मांजर. मांजर जास्त जागा घेतं, पण घोरत नाही."

निदान काही नवं नव्हतं. हृदयाचा पंप कमजोर झालाय हे हॉस्पिटलात दिसलेलंच होतं. खाणीतल्या धुळीनं फुप्फुसंही खाल्ली होती, पण धुळीनं नडग्या सुजत नाहीत. हे पाणी हृदयाचं. आणि ते कमी व्हायला म्हणून लघवीची गोळी चालू होती, नदीननं ती एकदा वाढवलीही होती. हिवाळ्यात त्याला दोनदा ॲम्ब्युलन्समधून डोंगरापलीकडे नेलं. दोन्ही वेळा पाणी उतरून परत आला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा फुगला.

आता प्रश्न नुसत्या पायांचा राहिला नव्हता. त्यांची लेक ऱ्होंडा ओहायोत असते, डेटनला. तिनं फोनवर बापाला सरळ सांगितलं होतं, "मे महिन्यात डेकोरेशनला मी येतेय. तुम्ही स्वतःच्या पायांनी वरच्या कबरस्तानात चढलात आणि उतरलात, तर राहा तिथंच. नाहीतर दोघांना घेऊन मी जाणार. आता मी रात्रीचा फोन वाजला की मेल्यासारखी होते, पपा."

डेकोरेशनचा रविवार म्हणजे इथं सगळं गणगोत डोंगरावरच्या आपापल्या कबरस्तानात जमतं, गवत काढतं, फुलं वाहतं, मग तिथंच सतरंज्या टाकून जेवतं. हॅसलचे आईबाप वर, भाऊ वर, पाळण्यातच गेलेलं पहिलं पोर वर. त्याची स्वतःची जागासुद्धा मोजून ठेवलेली. ऱ्होंडाचं घर तिसऱ्या मजल्यावर, दार उघडलं की अंगण नाही, गालिचा.

"पोरी," हॅसल नदीनला म्हणाला, शर्टाची बटणं लावत, "मला त्या लिफ्टमधून खाली आणून पुरायला इकडं आणतील. त्यापेक्षा मी इथंच थांबलेला बरा."

"कुणी पुरत नाही तुम्हाला," नदीन म्हणाली. "पण हे पाणी येतंय कुठून, ते मला सांगा. गोळ्या घेता?"

"सगळ्या."

"मी देते," ओपल म्हणाली. "माझ्या समोर गिळतो. जीभ वर करून दाखवतो, कैद्यासारखा."

"गुडघ्यासाठी दुकानातनं काही आणून घेता? त्या दुखण्यावरच्या गोळ्यांनी अंगात पाणी धरतं."

"मागच्या वेळी तू ओरडलीस, तेव्हापासून नाही."

"मीठ?"

ओपलनं पर्स मांडीवर आपटली. "मिठाची बाटली मी स्वतः कोंबड्यांच्या खुराड्यावर ठेवून आले. मुरवलेलं डुकराचं मांस भाच्याला दिलं. डबाबंद सूप घरात नाही. घेवड्याची उसळ मी आता नुसती उकडते, चरबीशिवाय, मिठाशिवाय. तू येऊन खा एकदा."

"ओला पुठ्ठा," हॅसल म्हणाला. "चव तशी नाही. ओल्या पुठ्ठ्याला थोडी तरी असते."

नदीननं गोळी आणखी वाढवली, रक्त काढून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात वजन होतं तिथंच. वर आणखी एक तक्रार. पोटऱ्यांत पेटके, आधीही यायचे, आता असे यायला लागले की म्हातारा खुर्चीतून उडतो आणि मांजर पडद्यावर चढतं. रक्तात पोटॅशियम खाली गेलेलं. ते कळण्यासारखं होतं. लघवीच्या गोळीनं पाणी जातं, पाण्याबरोबर पोटॅशियम जातं, मग स्नायू आखडतात. न कळण्यासारखं हे होतं, की गोळी पोटॅशियम धुवून नेण्याइतकी काम करतेय, तर मग पाणी का हटत नाही?

नदीननं बुधवारी येणाऱ्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. दोघांनी मिळून सगळं पुन्हा चाळलं. मूत्रपिंडं? जेमतेम, पण चालू. थायरॉइड? ठीक. हृदयाला नवा झटका? आलेख जुनाच. डॉक्टर म्हणाले, "बहुतेक चोरून खात असतील. सगळेच खातात."

नदीनला ते पटेना. खोटं बोलणारे तिनं पुष्कळ पाहिले होते. सिगरेट खिशात ठेवून धूर सोडत नाही म्हणणारे, केकची मलई मिशीला लागलेली असताना साखर बंद आहे म्हणणारे. हॅसल तसा नव्हता. हा माणूस खोटं बोलायला लागला की डोंगर बघतो, आणि मिठाच्या प्रश्नाला त्यानं सरळ तिच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं होतं. ओपलचं तर काय, तिला खोटं बोलता आलं असतं तर नवऱ्याची इतकी वर्षं जरा बरी गेली असती. मग दोघं खरं बोलतायत आणि पायही सुजतायत, तर चुकतंय ते आपलं विचारणं. आपण जे विचारलंच नाही ते त्या घरात आहे.

तिनं गाडीची किल्ली उचलली. रस्ता ओढ्यातून जातो, पुढं एक कुत्रं कुणालाही येऊ देत नाही, आणि नदीनला गाडी मागं घेता येत नाही हे खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक आहे. ती बेग्लींच्या कुंपणाचा एक खांब आडवा करून अंगणात पोचली.

"आलीस का," ओपल दारातून म्हणाली. "खांब नवाच होता."

"काकी, मला स्वयंपाकघर बघायचंय. सगळं. राग मानू नका."

"मानणार. पण बघ."

नदीननं फडताळं उघडली. पीठ, मक्याचा रवा, कॉफी. पावाच्या पुड्यावरचं बारीक छापलेलं वाचलं. फ्रिजमधलं लोणी चाखलं. बेकिंग पावडर जिभेला लावून बाजूला ठेवली. ओपल कमरेवर हात ठेवून मागं मागं. "गादीखाली बघायचं राहिलं. आणि मांजराच्या पोटात."

काही सापडलं नाही. एकूण एक गोष्ट सांगितल्यासारखीच होती. नदीन बाहेरच्या खोलीत येऊन हॅसलच्या खुर्चीपुढं गुडघ्यावर बसली. निदान पाय तरी परत बघावेत. मोजा खाली केला, नडगीवर अंगठा ठेवला, आणि तेवढ्यात तिच्याच पोटरीत असा पेटका आला की ती जमिनीवर लवंडली. सकाळपासून पाण्याचा थेंब नाही, पोटात दोन बिस्किटं, आणि वर गुडघ्यांवर बसणं. दुसरं काय होणार.

"आई गं," ती म्हणाली. मग आणखी काही म्हणाली, ते सांगण्यासारखं नाही.

"हलू नको," ओपल म्हणाली. ती स्वयंपाकघरात गेली नाहीच. खिडकीखालच्या कपाटातून तिनं काकडीच्या लोणच्याची मोठी बरणी काढली, शेजारचाच पेला घेतला, आणि बरणीतला हिरवट गढूळ खार अर्धा पेला ओतून नदीनच्या हातात दिला. "पी. एका दमात."

दुखत असताना माणूस काय पितोय ते बघत नाही. नदीननं घटाघटा पिऊन टाकलं. आंबट, शेपूचा वास, आणि खारट. समुद्रात पडल्यासारखं खारट.

"उतरेल आता," हॅसल खुर्चीतून समजुतीनं म्हणाला. "खाणीत आम्ही डब्याबरोबर बाटली न्यायचो याची. घामानं पाय आखडले की हाच घोट. तुला अर्धा पुरला, मला हल्ली पूर्ण लागतो."

नदीन जमिनीवर पडल्या पडल्या पेल्याकडे बघत राहिली.

"काका, पूर्ण पेला. कधी?"

"पेटका आला की."

"आणि पेटका कधी येतो?"

"पूर्वी कधीतरी यायचा. तू गोळी वाढवलीस तेव्हापासून रोज. कधी दोनदाही."

नदीनचा पेटका उतरला होता, हेही खरं. उपाय लागू पडत होता, म्हणूनच तर इतकी वर्षं टिकला होता.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" ओपलला खरोखरच कळेना. "तू विचारलंस जेवणात मीठ किती. हे काय जेवण आहे? हे पायाचं औषध आहे."

"आणि मी औषधं विचारली तेव्हा?"

"तेव्हा तू गोळ्या विचारल्यास, पोरी," हॅसल म्हणाला.

ओपलच्या या लोणच्याला जत्रेत पहिल्या नंबरची निळी फीत मिळालीय, एकदा नाही, अनेकदा. त्या फिती पलंगावरच्या भिंतीला लावल्यात, जिथं दुसऱ्यांच्या घरी पोरांचे फोटो असतात. नदीन उठून बसली. आता हिला तोंडानं सांगितलं तर ती ऐकणार नाही, आणि ऐकलं तर मोडून पडेल. तिनं बरणी उचलली.

"काकी, एखादं जुनं पातेलं द्या. तुमचा लोखंडी तवा नको, आंबटानं तो खराब झाला तर मला इथून जिवंत जाता यायचं नाही."

तिनं पेलाभर खार मोजून पातेल्यात ओतला आणि गॅस मोठा केला. घरभर व्हिनेगरची वाफ झाली, हॅसल खोकला, मांजर बाहेर गेलं. तिघं शेगडीपुढं उभी. पाणी आटत गेलं, बुडबुडे जाड झाले, शेपूची काडी करपली, आणि शेवटी पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरली. नदीननं चमच्यानं ती खरवडली. चमचा भरला, वर शीग आली.

"एका पेल्यात एवढं," ती म्हणाली. "खुराड्यावर ठेवलेली बाटली इकडून आत येत होती."

ओपलनं बोट लावून जिभेवर ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे मीच याला बुडवत होते."

"नाही. नीट ऐका. गोळी पाण्याबरोबर पोटॅशियम काढते, त्यानं पेटका येतो. पेटक्यावर तुम्ही खार देता. खारातलं मीठ पाणी धरून ठेवतं, पाय सुजतात. सुजलेले पाय बघून मी गोळी वाढवते. मग पेटके वाढतात, मग पेले वाढतात. तुम्ही पेटके घालवत होता, काकी. आणत मी होते. दोघी मिळून या माणसाला जात्यात घालून फिरवत होतो."

"आणि मला कुणी विचारलं नाही," हॅसल म्हणाला.

"तू तोंड मीट, म्हाताऱ्या," ओपल म्हणाली, पण तिचा हात त्याच्या खांद्यावर होता.

त्याच दिवशी नदीननं सगळं बदललं. खार बंद, थेंबभरसुद्धा नाही. मीठ कमी होणार म्हणून लघवीची गोळी कमी केली, आणि जोडीला दुसरी गोळी दिली, जी पाणी जाऊ देते पण पोटॅशियम धरून ठेवते, आणि दमलेल्या हृदयाला आधार देते. "ही गोळी चांगली आहे, पण नजर ठेवावी लागते," तिनं बजावलं. "पोटॅशियम आता वरच्या बाजूला जास्त झालं तरी वाईट. म्हणून रक्त द्यायला यायचं म्हणजे यायचं. डोंगर बघत बसायचं नाही. आणि रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, कॉफीच्या आधी, वजन. एकाएकी चढलं की मला फोन." पेटका आला तर भिंतीला हात टेकून टाच जमिनीला लावायची आणि पोटरी ताणायची, हेही तिनं स्वतः करून दाखवलं. तिचा घेर आणि तो पवित्रा बघून हॅसलला हसताना दम लागला.

पहिले काही दिवस घरात युद्ध. पेटका आला की म्हातारा बरणीसाठी गर्जायचा. ओपलनं सगळ्या बरण्या भाच्याच्या घरी पोचत्या केल्या आणि नवऱ्याला भिंतीशी उभं केलं. "टाच टेक. टेक म्हणते ना."

रोज सकाळी दवाखान्यात फोन वाजायचा.

"आज वजन उतरलं," ओपल सांगायची. "पण त्यानं खिशातला चाकू काढून ठेवला होता, ते धरू की नको?"

"रोज काढून ठेवत असतील तर धरा."

"रोज नाही. काल ऱ्होंडाचा फोन आला, म्हणून आज काढला."

रक्त चांगलं आलं. नडगीवरचा खळगा आता लगेच भरायचा. एका सकाळी ओपलनं वजनाच्या आधी दुसरंच सांगितलं. "काल पलंगावर झोपला," ती म्हणाली. "मांजर रुसलंय."

डेकोरेशनच्या रविवारी ऊन स्वच्छ पडलं. ऱ्होंडा आदल्या दिवशीच आली होती. उंच, बापासारख्याच भुवया, आणि गाडीत मागं दोन रिकाम्या बॅगा. त्या तिनं लपवल्या नव्हत्या. नदीनलाही बोलावणं होतं. ती प्लॅस्टिकच्या फुलांचा मोठा हारा घेऊन मागून चढायला लागली. वाट उभी, मुळांनी भरलेली. हॅसल पुढं, हातात काठी, ती तो टेकवत नव्हता, नुसती मिरवत होता. ऱ्होंडा त्याच्या बरोबर मागं. तिची नजर त्याच्या पाठीवरून हटेना.

अर्ध्या वाटेवर जुन्या बीचच्या झाडाशी तो थांबला.

"काय झालं, पपा?"

हॅसलनं समोर डोंगराकडे बघितलं. मग त्यानं मान वळवून लेकीकडे बघितलं.

"दम लागला," तो म्हणाला. "जरा बसतो. मग चढतो."

बापाच्या तोंडून हे वाक्य ऱ्होंडानं आजवर ऐकलं नव्हतं. हॅसल दगडावर बसला, श्वास खाली बसू दिला, उठला आणि चढला. त्याच्यापेक्षा वाईट अवस्था नदीनची होती. ती हारा मिठीत घेऊन झाडाला टेकली होती, आणि खोऱ्यातली चार माणसं तिला पाणी पाजत होती.

वर गवत काढलं, फुलं वाहिली. हॅसल पहिल्या पोराच्या लहान दगडापाशी टोपी काढून उभा राहिला, ओपल त्याच्याशेजारी. मग सतरंज्या पडल्या, ताटं फिरली. भाच्यानं मोठ्या प्रेमानं बरणी पुढं केली. ओपलचंच लोणचं. हॅसलनं ती हातात घेतली, उजेडात धरली, वास घेतला.

"फितीचं लोणचं आहे," तो म्हणाला, आणि बरणी ऱ्होंडाकडे दिली. "खा. आईनं केलंय."

ऱ्होंडा नदीनशेजारी येऊन बसली, हातात अर्धी काकडी. "मधे थांबले ते बघितलंत?"

"बघितलं. थांबतील पुढंही. ते हृदय नवं होणार नाही, ऱ्होंडा, तुला फसवून उपयोग नाही. एखादे दिवशी पुन्हा ॲम्ब्युलन्स लागेल. पण आता वजन चढायला लागलं की मला आधी कळतं, आणि थांबायची वेळ आली की ते थांबतात. तुझ्या तिसऱ्या मजल्यावर नेलंस तरी याच्यापेक्षा जास्त काही कुणी लिहून देणार नाही."

ऱ्होंडानं काकडी संपवली. बोटं पुसली. बापाकडे बघत राहिली. तो मांडीवर ताट घेऊन, मिठाशिवायची उसळ खात, पुठ्ठ्याबद्दल कुणाला तरी सांगत होता.

"रोज सकाळचं वजन मलाही कळवायचं," ती शेवटी म्हणाली. "आईनं. आधी मला, मग तुम्हाला."

"आधी मला," नदीन म्हणाली. "मग तुला."

संध्याकाळी बॅगा रिकाम्याच परत गेल्या.

सोमवारी सकाळी दवाखान्यात फोन वाजला. "वजन तेवढंच आहे," ओपल म्हणाली. "कालचं जेवण धरूनही. ऱ्होंडाला अजून सांगितलं नाही, तुझा नंबर पहिला म्हणून. आणि ऐक, काकड्यांची रोपं मी लावतेय. बरण्या सगळ्या भाच्याकडे ठेवीन. पण जत्रेला मी लोणचं नेणार म्हणजे नेणार, हे तुझ्या कागदावर लिहून ठेव."

"लिहिलं," नदीन म्हणाली. "काकांना द्या फोन."

"तो भिंतीशी उभा आहे," ओपल म्हणाली. "टाच टेकतोय. आणि तू पाडलेला कुंपणाचा खांब मी आज परत उभा करून घेतेय, तेव्हा गुरुवारी येशील तर पायी ये."